सुदाम, तुझ्या डाव्या कानाविषयी

सुदाम,

परवा तुझी तेरवी झाली. मेडशीत तुझ्या अंगणात पंगती उठल्या आणि हात धुता धुता जो तो एकच म्हणत होता, सुदाम मोठा शांत गडी होता, कुणाच्या अध्यात नाही की मध्यात नाही. मी मान हलवली. दुसरं काय करणार? पण तिथंच ओरडावंसं वाटलं की, तुमी कोनाबद्दल बोलून राह्यले? मला माहीत असलेला सुदाम शांत नव्हता. त्यानं कलकत्त्याच्या लोकलमध्ये एका दांडग्या माणसाच्या दंडाचा लचका तोडला होता, कारण त्या माणसानं एका मासेवालीची टोपली लाथ मारून दाराबाहेर उडवली होती. तुझ्या ओठांवर त्याचं रक्त होतं आणि त्याच्या ठोशानं तुझा सुळा खिळखिळा झाला होता. खोलीवर येऊन आरशासमोर तू तो सुळा बोटानं हलवत हसत होतास. "तिच्या मासोया त गेल्याच ना, किसना," म्हणालास. "दात राह्यला काय अन् गेला काय."

गाव तुला शांत म्हणायचं, कारण डाव्या बाजूनं कुणी बोललं, डिवचलं, शिवी दिली, तरी तू वळून पाहत नसस. तुला ऐकूच जात नसे. लोकांनी त्यालाच स्वभाव समजून टाकलं. तो कान कसा गेला हे मेडशीत कुणालाच ठाऊक नाही. कलकत्त्याला काहीतरी अपघात झाला, एवढंच तू सगळ्यांना सांगितलंस. अपघात नव्हता तो. मी होतो.

हे आठ वर्षं मनात ठेवलं. तू जिवंत असताना बोललो नाही, आता सरणावर गेल्यावर बोलतोय. भित्रेपणा म्हणतोस तर म्हण.

आपण निघालो तो दिवस तुला आठवत असेल. अकोल्याला दोघं एकाच बाकावर बसून फिटरचं काम शिकलो आणि कलकत्त्याजवळच्या एका सरकारी कारखान्याची ऑर्डर दोघांना एकाच टपालात आली. तुझी माय वाशिमच्या स्टेशनावर पोचवायला आली होती. तिनं दोन फडक्यांत भाकरी बांधून आणल्या होत्या. तुझी शिदोरी तिनं तुझ्या हातात दिली. माझी फलाटावर ठेवली आणि मागं सरली. आम्ही बौद्ध. माझ्या बापानं धर्म बदलला त्याला चौदा-पंधरा वर्षं झाली होती, पण तुझ्या मायच्या हाताला ते कळलं नव्हतं. मी वाकून फडकं उचललं. गाडी सुटली, छोट्या रुळांवरचे ते डबे हलायला लागले, तसं तू दोन्ही फडकी सोडलीस, सगळ्या भाकरी एकावर एक रचल्यास आणि मला म्हणालास, "आता सांग बे, कोनती कोनाची?"

त्या भाकरीसाठी मी तुझा जन्माचा ऋणी आहे. आणि त्या खाली ठेवलेल्या फडक्याचा राग माझ्या अंगात कुठं जाऊन बसला होता, ते मला पुढं कळलं.

बेलघरियाला आपण खोली घेतली. कारखाना सात स्टेशनं वर, इच्छापूरच्या बाजूला. सकाळी सगळं शहर सियालदाकडे धावायचं आणि आपण उलट्या दिशेनं, मोकळ्या डब्यातून. पहिल्या दिवशी तू फलाट चुकलास आणि भलत्याच गाडीत चढून दमदमला जाऊन उतरलास. मग रोज बाराखडीसारखी स्टेशनं म्हणायला लागलास, आगरपाडा, सोदपूर, खडदह, टिटागड, बराकपूर. महिन्याभरात तुला सगळं कळलं. कोणता डबा जिन्यासमोर थांबतो, कोणत्या दाराचा दांडा सैल आहे, कुठल्या वळणावर गाडी मंदावते. एकदा आगरपाड्याला धावत्या गाडीत चढताना माझा पाय घसरला. खाली रूळ पळत होते, माझी चप्पल गेली, गुडघा खडीवर घासत होता. तू माझी कॉलर धरलीस, ती फाटली, मग केस धरलेस. केसांनी मला वर ओढलंस आणि वर घेतल्याबरोबर थोबाडीत मारलीस. "मरतं काय बे! मी तुह्या मायले काय सांगू?" सगळा डबा बघत होता. तू मला शिव्या देत माझ्या गुडघ्यातले खडे काढत होतास.

ते दिवसच तसे होते. भिंतींवर लाल-काळ्या अक्षरांत माणसांना संपवायच्या धमक्या असायच्या. आज या गल्लीत तर उद्या त्या गल्लीत, राजकारणापायी शाळकरी वयाची पोरं एकमेकांना भोसकत होती. फलाटावर बॉम्ब फुटायचे, सुतळीत गुंडाळलेले, खिळे भरलेले. दूर धडाका झाला की गाडीतली माणसं काही न बोलता एका हातानं खिडकीची लोखंडी झडप खाली ओढायची आणि दुसऱ्या हातातलं वर्तमानपत्र वाचत राहायची. आपणही ते शिकलो. एका सकाळी सोदपूरच्या पुढं रुळांच्या कडेला एक माणूस पडलेला दिसला, पाठीमागं हात बांधलेले, तोंड चिखलात. गाडी त्याच्या शेजारून सावकाश गेली. माणसांनी झडपा खाली ओढल्या. तू उठून दारात गेलास आणि ओकलास. मी डबा उघडून जेवलो. त्या दिवशी तू मला पहिल्यांदा विचारलंस, "तुले काईच नाई वाटलं?" मी म्हणालो, "वाटून काय करू?" यावर आपलं भांडण झालं, अगदी कारखान्याच्या फाटकापर्यंत. ते काही मिटलं नाही. तू म्हणायचास, पाहून गप्प बसणारा अर्धा मारेकरी असतो. मी म्हणायचो, मधे पडणारा पुरा मेलेला असतो.

आता त्या संध्याकाळचं सांगतो. थंडीचे दिवस होते. सुटी झाल्यावर आपण नेहमीची गाडी पकडली. डब्यातले दिवे कुणीतरी काढून नेले होते. बाहेरचा उजेड सरत चाललेला, आत माणसांचे नुसते आकार. माझ्या डाव्या दंडाला छत्री अडकवलेली होती. बंगाली बाबूंचं बघून मीही बारा महिने छत्री बाळगायला लागलो होतो. उजव्या हातात जेवणाचा डबा, तो तीन पुडांचा पितळी. आणि डाव्या मनगटावर लग्नातलं घड्याळ. आमच्या केनवडच्या घरात त्याआधी कुणाच्याच हातावर घड्याळ नव्हतं. बापानं ते हळदीच्या अंगानं बसलो असताना स्वतः माझ्या हातात बांधलं होतं.

टिटागड सुटलं आणि मी वेळ बघायला हात वर केला. मनगट रिकामं.

शेजारी तपकिरी चादर पांघरलेला एक काटकुळा माणूस उभा होता. तो नेमका त्याच वेळी दाराकडे सरकला. बस, तेवढंच. मी त्याची चादर धरली आणि ओरडलो, "चोर! घडी! मेरी घडी!"

सुदाम, पहिला ठोसा मी मारला. हे मी तुझ्याजवळ कधी कबूल केलं नाही. नंतर तू विचारलंस तेव्हा मी म्हणालो, गर्दीनं मारलं. गर्दी नंतर आली. तो माणूस दोन्ही हात जोडून काहीतरी बोलत होता. त्याची बोली सीमेपलीकडच्या बंगालची होती. त्या साली, एकाहत्तरला, तिकडून लाखो माणसं जीव घेऊन आली होती आणि फलाटाफलाटांवर पडून होती. ती बोली ऐकताच डब्यातलं कुणीतरी किंचाळलं, "मार शालाके!" आणि अंधारातून हात यायला लागले. चपला, कोपरे, गुडघे. ज्यांचं काही गेलं नव्हतं तेही मारत होते. दिवसभर कारखान्यात साहेबाचं ऐकून घेतलेली माणसं, घरात पोराची काळजी असलेली माणसं, धोतरातले म्हातारे. मी सगळ्यांत पुढं होतो. मला लाज वाटत नव्हती. मला बरं वाटत होतं. हे लिहिताना हात थांबतो, पण खरं तेच आहे. जन्मात पहिल्यांदा शंभर माणसं माझ्या बाजूनं होती.

तू डब्याच्या दुसऱ्या टोकाला होतास. तुझा आवाज मी ऐकला, "सोडा! सोड ना बे! मरन तो!" मग तू माणसांच्या पायांतून घुसून आलास आणि त्याच्यावर पालथा पडलास. त्याचं डोकं तू आपल्या छातीखाली घेतलंस. मी पितळी डबा दांडीनं धरून फिरवला आणि तो तुझ्या डाव्या कानावर बसला.

पहिल्या फटक्याला मला कळलं नव्हतं. अंधार होता, चोराला वाचवायला कुणीतरी आडवा पडलाय एवढंच दिसत होतं. पण खडदहच्या फलाटाचा दिवा खिडकीतून आत आला आणि तुझा निळ्या चौकटींचा सदरा मला दिसला. तो सदरा मी आदल्या दिवशी धुऊन वाळत घातला होता. तू मान वळवलीस. तू माझ्याकडे बघितलंस. आणि मी दुसऱ्यांदा मारलं.

का, ते मी आठ वर्षं स्वतःला विचारतोय. तू मधे आलास म्हणून? फलाटावर ठेवलेल्या त्या फडक्यासाठी? मला खरंच माहीत नाही. तुझ्या डोळ्यांत मी तेव्हा काय पाहिलं, तेही सांगता येत नाही. भीती नव्हती. एवढंच आठवतं की मला ती नजर बंद करायची होती.

सोदपूरला लोकांनी तुम्हा दोघांना बाहेर फेकलं. त्याला पायांनी ओढलं, त्याचं डोकं पायरीवर आपटत गेलं, तो आवाज अजून माझ्या कानात आहे. तुझ्या कानातून रक्त येत होतं. रेल्वेची माणसं त्याला हातगाडीवर घालून घेऊन गेली. त्याचा एक पाय खाली लोंबत होता. तुमच्यामागं मीही उतरलो होतो; गाडी सुटली आणि मी फलाटावर तुझ्याशेजारी उभा.

"कोनं मारलं रे तुले?" मी विचारलं. हो, मी विचारलं. इतका नीच झालो होतो मी.

तू बराच वेळ माझ्या हातातल्या डब्याकडे पाहत होतास. वरच्या पुडाला पोचा पडला होता. मग म्हणालास, "अंधार होता."

दुसऱ्या दिवशी पाऊस नसताना मी छत्री उघडली, कारण तिच्यावर रक्त लागलंय का ते बघायचं होतं. घड्याळ टपकन फरशीवर पडलं. पट्ट्याची पिन निसटली होती आणि ते मनगटावरून सरळ छत्रीच्या घडीत गेलं होतं. चालू होतं. तू खाटेवर पडला होतास, डोक्याला पट्टी. तू घड्याळ पाहिलंस, मला पाहिलंस, आणि उठून बसलास.

"चाल," म्हणालास. "त्याले शोधू."

"येडा झाला काय? पोलीस धरतीन."

"धरू दे."

"तो मेला असन त?"

"म्हनूनच त म्हनतो चाल."

मी गेलो नाही. तू गेलास. तीन रविवार गेलास, चक्कर येत असताना, लोकलच्या दाराचा दांडा धरून. सोदपूरच्या फलाटावर विचारायचास, दवाखान्यांतून फिरायचास, सियालदाला पडून असलेल्या त्या कुटुंबांत जाऊन तपकिरी चादरवाल्याबद्दल मोडक्या हिंदीत बोलायचास. तिसऱ्या रविवारी तू परत आलास, हातपाय धुतलेस, आणि भिंतीकडे तोंड करून झोपलास. काय सापडलं, मी विचारलं नाही. विचारलं असतं तर तू सांगितलं असतंस, याचीच भीती होती. तीन महिन्यांत मी नोकरी सोडली आणि वाशिमला आलो. एस.टी.च्या डेपोत कारकून झालो. तू तिथं अजून तीन वर्षं राहिलास, त्याच गाडीनं ये-जा करत. एका कानानं. तुझा बाप गेल्यावर शेती करायला परत आलास.

तरी तू मला सोडलं नाहीस. दर आठवड्याला मेडशीहून बसनं यायचास, डेपोत माझ्या टेबलापाशी बसायचास, नेहमी अशा बाजूनं की तुझा उजवा कान माझ्याकडे येईल. तुझ्या लग्नात तू मला तुझ्या मायशेजारी पंगतीला बसवलंस. तिनं माझ्या पानात स्वतः वाढलं. ते तू तिच्याकडून कसं करवून घेतलंस, किती भांडलास, तेही कधी सांगितलं नाहीस.

आणि मग गेल्या हिवाळ्यातलं ते, तुझ्या शेतातलं. तुरीच्या शेंगा भाजल्या होत्या. आपण बांधावर बसलो होतो. तू अचानक म्हणालास, "किसना, सोदपूरच्या त्या मानसाचं तुले सांगाचं हाय."

मी उठलोच. "जुनं कायले काढून राह्यला?"

"आईक त खरं."

"नाई आईकत. तुले मले हिनवाचं हाय, नाई? परत आल्यापासून तू हेच करून राह्यला. दर हप्त्याले येतं, समोर बसतं, अन् तो कान दाखोतं मले!"

तू माझी कॉलर धरलीस. आगरपाड्याला धरली होतीस तशीच घट्ट. "आईक बे! एकदा आईक!" मी तुला ढकललं. तू शेंगांच्या आगीत हात टेकलास. तळहात भाजला. मी मागं न बघता रस्त्यावर आलो आणि मिळाली ती बस पकडली. त्यानंतर तू डेपोत आला नाहीस. मीही मेडशीला आलो नाही. दोन महिने.

मग शेलूबाजारजवळ तुमची प्रवासी जीप उलटली. बारा माणसं होती तिच्यात, तू बाहेर लटकून होतास. डेपोत बातमी आली तेव्हा मी नुसता नावं ऐकत होतो. दवाखान्यात तुझ्यावरची चादर मी काढली. छाती आत गेली होती. चेहरा मात्र जसाच्या तसा. मी तुझा उजवा तळहात उलटा करून पाहिला. भाजल्याचा डाग अजून गुलाबी होता.

परवा पाहुणे गेल्यावर मी वहिनीसमोर बसलो. ती पंगतीच्या पितळी थाळ्या रचत होती. मी म्हणालो, "वहिनी, सुदामचा कान मी फोडला." आणि सगळं सांगितलं, घड्याळ, पहिला ठोसा, निळा सदरा, दुसरा फटका. शेतातलंही. ती ऐकत होती. मग तिनं हातातली थाळी माझ्या तोंडावर मारली. कपाळ फुटलं. दुसऱ्यांदा मारली. मी हात वर केला नाही. रक्त डोळ्यात उतरलं. ती धापा टाकत उभी होती.

"तो मानूस कोन होता?" तिनं विचारलं.

"कोनता?"

"खाली पडेल. ज्याले तुमी मारलं तो."

"माईत नाई."

"वाचला काय?"

"माईत नाई, वहिनी."

"आठ वर्सात इचारलं नाई?"

तिनं थाळी खाली ठेवली. "कानाचं काय घेऊन बसले भाऊजी?" ती म्हणाली. "कान त्याईले दुसरा होता. त्या मानसाचं सांगा."

तिलाही तू काही सांगितलेलं नाहीस. बांधावर ते सांगायला तू मला निवडलं होतंस आणि मी तुला आगीत ढकलून निघून आलो. आता ते तुझ्याबरोबर गेलं.

मी रजा टाकली आहे, सुदाम. सोमवारी अकोल्याहून हावड्याची गाडी आहे. तिथून सियालदा, मग लोकल. सोदपूरला उतरेन, फलाटावर चौकशी करेन, दवाखान्यांतून फिरेन. आठ वर्षांनी कुणाला काय आठवणार? कपाळाला टाके आहेत, लोक बघतील, विचारतील काय झालं. त्याचं उत्तर मी देऊ शकतो. पण दवाखान्याच्या खिडकीपाशी उभा राहून कुणाचं नाव घेऊन चौकशी करू, तेच मला माहीत नाही.